चिंचेखाली तापणारी गाडी

मोटारनानांची गाडी सगळ्या जगात एकाच ठिकाणी तापायची. आमच्या गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या अलीकडे जी मोठी चिंच आहे ना, तिच्याखाली. इमामपूरचा घाट चढताना ती कधी तापली नाही, भर वैशाखात नगरच्या बाजारात उभी राहून तापली नाही. पण गावातून नवरी घेऊन निघाली, की चिंचेखाली आल्याबरोबर नाना ब्रेक दाबायचे, खाली उतरायचे आणि कुणाकडे न बघता म्हणायचे, "इंजिन तापलंय. जरा दम खाऊ द्या तिला." लग्नाच्या मांडवापासून चिंच ती केवढीशी लांब! चालत गेलं तरी पदराने घाम पुसावा लागत नाही. तेवढ्यात कुठलं आलंय इंजिन तापायला? पण हा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारत नसे.

नाना पूर्वी एका जहागीरदारांकडे गाडीवर होते. जहागीरदार पुण्याला कायमचे गेले तेव्हा त्यांनी ती जुनी, काळी, उघड्या टपाची मोटार नेली नाही. "तूच सांभाळ हिला, तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही," असं म्हणून नानांकडेच ठेवली. तिचे पितळी दिवे ताटाएवढे होते, पायरी अशी रुंद की तिच्यावर बसून दोघांनी भाकरी खावी, आणि मागची सीट म्हणजे तर घरातली ओसरीच. नवरी, पाठराखीण, शिदोरीची पाटी, वर दोन-चार लहान पोरं, सगळं त्यात मावायचं. नवरदेव वऱ्हाडाबरोबर आधीच पुढे निघालेला असायचा. पुढे लोखंडी हँडल घालून गरगरा फिरवल्याशिवाय ती चालू होत नसे. ती शिंकायची, थुंकायची, धूर सोडायची आणि मग एकदम लाडात आल्यासारखी घुरघुरायला लागायची. नाना तिला "बाई" म्हणत. "बाईचा मूड न्हाई आज," असं म्हणाले की समजायचं, हँडल पुष्कळ मारावं लागणार.

शनिशिंगणापूर आमच्यापासून जवळ, त्यामुळे दाराकुलपाचं वेड आमच्या भागात तसं कमीच. नानांच्या छपराला तर चौथी भिंतच नव्हती. गाडी उघडी, हँडल खुंटीला. पण तिला कुणी हात लावत नसे. नुसती शेती करून नानांचं बरं चाललं होतं. गाडी पोटासाठी नव्हती. ती फक्त लेकीबाळींना सासरी पोचवायला बाहेर निघायची. नाना जात बघायचे नाहीत, आलुतेदार-बलुतेदार बघायचे नाहीत, मास्तरांची पोर असो नाही तर चांभाराची, लग्न ठरलं की बाप नानांच्या छपरात जाऊन नुसता उभा राहायचा. नाना विचारायचे, "कवा?" झालं.

मी मास्तरांची मुलगी. आमचं घर नानांच्या घराला लागून. माझं लग्न भिंगारच्या कॅम्पात कारकून असलेल्या मुलाशी झालं आणि मीही त्याच गाडीतून गेले. मी काही रडूबाई नव्हते. मांडवात सगळ्या आयाबाया पदर डोळ्याला लावून बसल्या तेव्हा मी आईलाच दटावलं होतं, "पुरे गं आता, भिंगार काय लंकेत आहे?" पण गाडी हलली, घर मागे पडलं, आमची शाळा मागे पडली आणि मी सीटवर उलटी वळून मागेच बघत राहिले. तेवढ्यात चिंच आली. नाना उतरले. इंजिनावरचं झाकण उघडून त्यात डोकं खुपसून उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. हातात पाण्याचा डबा, पण पाणी काही ओतत नव्हते. नुसते उभे.

मी मेली आगाऊ! शालू सावरत खाली उतरले आणि त्या झाकणावर हात ठेवला. "नाना, हे तर गार आहे!"

"आतनं तापलंय, सुमे," नाना झाकणातूनच म्हणाले. "वरनं कळत न्हाई."

आणि मग मला काय रडू फुटलं म्हणता! तिथून आमचं गाव सगळं दिसतं. मारुतीचा कळस, आमच्या अंगणातलं पारिजातकाचं झाड, आणि दारात अजून उभी असलेली आईसुद्धा ठिपक्याएवढी दिसत होती. मांडवात पाहुण्यांसमोर रडावं लागतं, सासरी तर रडायची सोयच नसते. मधे एक जागा लागते, जिथे कुणी बघत नाही. नाना ती जागा देत होते. बऱ्याच वेळाने झाकणातून आवाज आला, "गार झालं का गं?" मी म्हणाले, "झालं, नाना." मग झाकण बंद झालं, हँडल फिरलं आणि गाडी ओढ्यात उतरली. गावातल्या प्रत्येक मुलीला त्यांनी हेच विचारलं होतं आणि जोवर "झालं" म्हणत नाही तोवर कुणाचा मुहूर्त चुको, कुणाचा सासरा तणतणो, गाडी हलत नसे.

नानांना एकच मुलगी, शालन. तिची आई ती रांगत असतानाच गेली. माझ्या आईनेच तिला न्हाऊमाखू घातलं, म्हणून ती मला ताई म्हणायची. लहानपणी नवरीच्या प्रत्येक गाडीत शालन पुढे, नानांच्या शेजारी ठाण मांडून बसलेली असायची. चिंचेखालचं गुपित तिला आमच्याआधी कळलेलं. माझ्या लग्नानंतर एकदा मी पाठराखीण म्हणून गेले होते, तेव्हा परत येताना तिने विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय, "नाना, माझ्या वेळी किती वेळ तापंल हो?" नाना हसले. म्हणाले, "तुझ्या वक्ताला? तवा तर ते गार व्हायाचंच न्हाई."

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शालनचं लग्न ठरलं. मुलगा नगरचा, प्रकाश नावाचा. नागापूरला नुकत्याच कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, त्यात त्याच्या वडिलांची एक होती. दिसायला राजबिंडा, बोलायला मोकळा. खोटं कशाला बोलू, मुलगा वाईट नव्हताच. मला राग आहे तो त्याचा नाही, त्याच्या गाडीचा आहे, आणि गाडीवर राग धरून करायचंय काय!

भिंगारच्या कॅम्पातला कुणी साहेब देश सोडून गेला, त्याच्याकडून त्याने ती घेतली होती. लालभडक, परदेशी बनावटीची, शर्यतीची गाडी. बोलणी पक्की करायला प्रकाश ती घेऊन आला तेव्हा मारुतीच्या पाराजवळ जत्राच भरली. कुणीतरी नानांची गाडी आणून तिच्या शेजारी उभी केली. मग काय, तुलनेला ऊतच आला. ती एवढी खाली, की आमच्या वेणूआजीने विचारलं, "का रं, चाकं जमिनीत रुतली व्हय हिची?" नानांच्या गाडीत माणूस चढून बसायचा, हिच्यात उतरून बसावं लागे. नानांच्या गाडीचा भोंगा म्हशीसारखा हंबरायचा, हिचा टर्रकन कानात घुसायचा. हिला हँडल नाही, किल्ली फिरवली की चालू. हिला शिंक नाही, खोकला नाही. तरणी पोरं लाल गाडीच्या बाजूची आणि म्हातारे काळ्या गाडीच्या, असे सरळ दोन तट पडले आणि दुपारभर भांडले.

नाना मात्र भांडले नाहीत. त्यांनी लाल गाडीला शांतपणे एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, आत बराच वेळ बघत राहिले. प्रकाशने त्यांना बसवून नगर रस्त्याला एक चक्कर मारून आणलं. परत आले तेव्हा टोपी कुठेतरी उडालेली, डोळ्यांत पाणी आणि चेहरा लहान मुलासारखा फुललेला. "लई ग्वाड पळती!" म्हणाले. "वाऱ्यालाबी मागं टाकती. अशी गाडी म्या जन्मात बघितली न्हाई." सगळी पोरं टाळ्या पिटायला लागली. मग नाना वाकले, सीटच्या मागे हात घालून चाचपडले आणि म्हणाले, "जावईबापू, हिला मागं शीटच न्हाई?"

"दोघांचीच गाडी आहे, नाना."

"मंग पाठराखीन कुटं बसायची?"

प्रकाश हसला. सगळेच हसले. "पाठराखीण येईल की मागून, तुमच्या गाडीतून," तो म्हणाला. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की शालन या गाडीतून जाणार हे त्यांच्याकडे ठरूनच गेलंय.  पारासमोरच त्यांची ओसरी, तिच्या खांबाला धरून शालन उभी होती. तिने नानांकडे बघितलं. नानांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच मान डोलावली. "व्हय व्हय. त्यातनंच जाऊ द्या तिला. लेक माझी वाऱ्यावर बसून जाईल." शालनने खांब सोडला आणि आत गेली.

मी तणतणत नानांच्या छपरात गेले. "सगळ्या गावाच्या लेकी तुम्ही पोचवल्या आणि स्वतःची दुसऱ्याच्या गाडीत घालणार? तोंड नाही का तुम्हाला?"

नाना फडक्याने दिवा पुसत होते. "सुमे, आपली बाई भर वरातीत रुसली तर? धा बारा हँडलं मारली, तरी बी चालू न्हाई झाली तर? ती शहरातली मानसं हसतील. आज मला हसतील, उद्या माज्या पोरीला बोलतील. जन्मभर बोलतील. त्यापरीस जाऊ दे." मग थोडं थांबून म्हणाले, "जावयाला एकच सांगितलंय म्या. चिंचेखाली वाईच थांबा म्हनलं. व्हय म्हनलेत ते."

लग्न झालं. पाठराखीण म्हणून मीच होते. पुढे लाल गाडीत शालन आणि प्रकाश, मागे नानांच्या काळ्या गाडीत त्या एवढ्या मोठ्या सीटवर मी एकटी आणि शिदोरीची पाटी. त्या दिवशी बाईने एका हँडलात सुरुवात केली, अगदी एका! नानांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लाल गाडी टर्रकन निघाली आणि आम्हाला पुढे फक्त धुळीचे लोट दिसायला लागले. धूळ खाली बसली तेव्हा चिंच आली होती आणि चिंचेखाली कुणी नव्हतं. ओढ्यापलीकडे, लांब, लाल ठिपका दिसला आणि तोही गेला.

प्रकाश विसरला होता. एवढंच. नवी नवरी शेजारी, नवा रस्ता, अशी गाडी; कोण लक्षात ठेवतं चिंच! पुढे त्यानेच मला सांगितलं, घाट उतरल्यावर त्याला आठवलं म्हणून.

नानांनी ब्रेक दाबला. उतरले. झाकण उघडलं. "इंजिन तापलंय," असं म्हणाले, आणि त्या वेळी गाडीत माझ्याशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. मला वाटलं, परत फिरतील ती दोघं, म्हणून थांबले असतील. मीही ओढ्याकडे डोळे लावून बसले. मग बघते तर नानांचे खांदे हलत होते. झाकणात डोकं घालून तो माणूस हमसून हमसून रडत होता आणि हातातल्या डब्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्याच धोतरावर सांडत होतं. मी खाली उतरले नाही. त्यांनी आमच्याकडे कधी बघितलं नव्हतं, मग मी तरी कशी बघणार? बऱ्याच वेळाने मी विचारलं, "गार झालं का हो, नाना?"  त्यांनी नुसतं झाकण लावलं आणि हँडल घेतलं.

आम्ही नगरला पोचलो तोवर शालन माप ओलांडून आत गेलीही होती, पाठराखिणीशिवायच. तिचे डोळे कोरडे ठणठणीत. सासूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या, "आमची सून धीराची हो, एक टिपूस नाही काढलं." बायकांची पांगापांग झाल्यावर तिने मला कोपऱ्यात ओढलं.

"ताई, नाना थांबले होते?"

"थांबले होते."

"किती वेळ?"

"पुष्कळ."

ती माझा हात इतका घट्ट धरून उभी राहिली की माझ्या बांगडीचा वळ उठला. "मला वाटलं, त्यांना आपल्या जुन्या गाडीची लाज वाटली. पाहुण्यांपुढे नको असेल म्हणून मी बोलले नाही गं. एका शब्दाने म्हणाले असते ना, 'चल,' तर मी धावत जाऊन बसले असते." मी तिला नानांचं खरं सांगितलं. ती ऐकत राहिली, पण रडली नाही. दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला, रडणार कुठे?

त्यानंतर ती माहेरी यायची, नाही असं नाही. पण त्या गाडीने आणखी एक करून ठेवलं. पूर्वी लेक बैलगाडीतून यायची, दमून यायची, मग पंधरा दिवस, महिना राहायची. शालन लाल गाडीतून सकाळी यायची आणि "तासाभराचा तर रस्ता आहे" म्हणून जेवण झाल्याबरोबर परत जायची. मुक्कामाला कारणच उरलं नाही. नाना तिच्यासाठी अंथरूण काढून उन्हात टाकायचे आणि दुपारी तसंच घडी करून ठेवायचे. "लवकर येती, लवकर जाती," एवढंच म्हणायचे. दोघांनी एकमेकांशी त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही. मी दोघांनाही सांगून दमले, "अहो बोला!" नाना म्हणायचे, "झाल्याल्या गोष्टीचं काय बोलायचं?" शालन म्हणायची, "बोलायला गेले की घड्याळ बघतात सगळे."

मग दुष्काळ आला. ओढा आटला, लग्नं थांबली, गाडी छपरात उभी राहिली. कुणीतरी नानांना सुचवलं, मागची सीट काढा आणि पाण्याची पिंपं वाहा. नानांनी पिंपं वाहिली, लांबच्या विहिरीवरून साऱ्या वस्तीला पाणी आणून घातलं, पण सीट काढली नाही. पिंपं पायरीला दोरांनी बांधून आणायचे. "शीट लागनार हाय," म्हणायचे. कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्याच दुष्काळात, एका सकाळी हँडल मारता मारताच ते खाली बसले. मी तेव्हा माहेरी आले होते. धावत गेले तर हँडल हातातच होतं. डोळे माझ्याकडे वळवून म्हणाले, "सुमे, बाईला पानी घाल." आणि गेले. असं कसं हो जातं माणूस? एका वाक्यात?

पोस्टातून नागापूरच्या कारखान्यात फोन लावला. निरोप पोचला की नाही ते कळेना. ऊन रणरणत होतं, गावकऱ्यांनी वाट पाहिली, पाहिली आणि शेवटी पुतण्याने मडकं धरलं. आमच्याकडे तिरडी शिवेवर विसाव्याला खाली ठेवतात, खांदेकरी तिथे खांदा बदलतात, आणि बायका तिथूनच माघारी फिरतात. आमचा विसावा म्हणजे तीच चिंच. तिरडी खाली ठेवली. खांदेकरी घाम पुसत उभे राहिले. जुना पाटील म्हणाला, "चला, उचला आता."

तेवढ्यात ओढ्यापलीकडून धूळ उठली. लाल गाडी कोरड्या ओढ्यातून दगडधोंड्यांवर आदळत वर आली आणि करकचून थांबली. खरं ते सांगितलं पाहिजे: त्या दिवशी ती गाडी नसती तर शालन पोचलीच नसती. नानांच्या बाईला नगरहून यायला अख्खी दुपार लागली असती. मी त्या गाडीला इतके शिव्याशाप दिले, पण एवढं श्रेय तिचं तिला द्यावंच लागतं.

शालन धावत आली. नानांच्या तोंडाकडे बघितलं. आणि कोरड्या डोळ्यांनीच बघत राहिली, दिवाणखान्यात उभी असल्यासारखी. खांदेकरी वाकले. पाटील हळूच म्हणाला, "उचला रं, पोरीला बाजूला घ्या."

"थांबा," शालन म्हणाली. आवाज अगदी नानांसारखा सपाट. "इंजिन तापलंय."

वाकलेली माणसं तशीच सरळ झाली. त्या चौघांच्याही बहिणी नानांच्याच गाडीतून गेल्या होत्या, एकाची तर लेकसुद्धा. पाटलाने डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला आणि तो चिंचेच्या मुळावर बसला. मग एकेक करत सगळा गाव खाली बसला, सगळ्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि ओढ्याकडे तोंड केलं. लाल गाडी तशीच टर्र टर्र करत उभी होती. प्रकाश गाडीपाशी परत गेला, किल्ली फिरवून ती बंद केली, आणि तोही गाडीकडे तोंड करून, बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. त्याचेही खांदे हलत होते.

आणि मग शालन रडली. लग्नाच्या दिवशीचं रडली, नंतरच्या सगळ्या घाईच्या दुपारींचं रडली, बापाच्या छातीवर डोकं ठेवून, मोठ्याने, कुणाची भीड न धरता. ऊन उतरायला लागलं. पुतण्याच्या मडक्यातला विस्तव विझत आला, तो त्याने फुंकर घालून जपला. 

शेवटी मीच तिच्याजवळ गेले, खाली बसले आणि नानांनी मला विचारलं होतं तसंच विचारलं, "गार झालं का गं?"

तिने मान हलवली. "अजून नाही, ताई."

आम्ही सगळे तसेच बसून राहिलो.